कामगार नुकसानभरपाई : १९२३ चा कायदा आणि अलीकडचे निकाल

महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या कुटुंबाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी निकाल दिला, तेव्हा त्याच्या मृत्यूला २२ वर्षे होऊन गेली होती. पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघालेला हा कामगार एप्रिल २००३ मध्ये कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात दगावला. नुकसानभरपाई आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केले; परंतु वाटेवरचा अपघात नोकरीच्या ओघात घडलेला नाही, असे ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो आदेश रद्द केला होता.

नोकरी नेमकी कोठे सुरू होते, हा प्रश्न कायद्याइतकाच जुना आहे. १ जुलै १९२४ पासून अमलात आलेल्या १९२३ च्या कायद्यापूर्वी जायबंदी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागे, आणि ते त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी त्या काळात केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. नव्या कायद्याने दोषाचा मुद्दाच बाजूला सारला : अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडला, एवढे दाखवले की मालकाची जबाबदारी सुरू होते.

‘ओघ’ किती लांबवायचा, याबाबत मात्र न्यायालये पुढेमागे होत राहिली. कामाची जागा गरजेनुसार कारखान्याच्या दाराबाहेरही विस्तारते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये मान्य केले. १९६३ मध्ये, काम संपवून बेस्टच्याच बसने घरी निघालेल्या चालकाच्या वारसांना त्याचा लाभ मिळाला. १९९६ मध्ये, कर्मचारी राज्य विमा कायदा या कामगारांच्या विम्यासाठीच्या वेगळ्या कायद्याखालील दाव्यात, कारखान्यापासून एक किलोमीटरवर जखमी झालेल्या कामगाराला तो नाकारला गेला. पुढे २०१० मध्ये संसदेने त्या विमा कायद्यात ५१-ई हे कलम घालून घर ते काम हा प्रवास संरक्षणाखाली आणला. हे कलम केवळ स्पष्टीकरणात्मक असल्याने पूर्वीच्या अपघातांनाही लागू होते आणि १९२३ च्या कायद्याचा अर्थही त्याच दिशेने लावला पाहिजे, असे २०२५ च्या निकालाने ठरवले. अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध मात्र दाखवावा लागतो.

दुसरा वाद रक्कम कोणत्या दिवशी देय होते याचा होता, आणि माझ्या मते कुटुंबांचे खरे नुकसान यानेच केले. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हे चार न्यायमूर्तींच्या पीठाने एका हात गमावलेल्या सुताराच्या खटल्यात १९७५ मध्येच सांगितले होते. तरीही २००७ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने व्याज आयुक्तांच्या निर्णयानंतरच सुरू होईल असे म्हटले. २०१२ च्या निकालाने जुने तत्त्व पुन्हा प्रस्थापित केले. दावा दहा वर्षे रेंगाळला, तर १२ टक्के सरळ व्याज मूळ रकमेहूनही अधिक होते, हे लक्षात घेतले की मालकांच्या वतीने भरपाई देणाऱ्या विमा कंपन्या या तारखेसाठी इतक्या का भांडल्या ते कळते.

रक्कम मोजण्याची पद्धत साधी आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा निम्मा भाग वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. ३० वर्षे पूर्ण झालेल्यासाठी तो २०७.९८ आहे. ३ जानेवारी २०२० पासून वेतनाची मर्यादा १५,००० रुपये असल्याने, अशा कामगाराने त्याहून कितीही अधिक कमावले तरी हिशेब १५,५९,८५० रुपयांवर थांबतो. ही मर्यादा पुण्यासारख्या शहरातील आजच्या मजुरीच्या मानाने तोकडी आहे.

पुण्यात अशा दाव्यांमध्ये बांधकाम मजुरांचा विचार आधी करायला हवा. कोंढव्यात जून २०१९ मध्ये संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण मरण पावले. ठेकेदार आणि उपठेकेदारांच्या साखळीत मालक कोण, हेच अनेकदा परप्रांतीय वारसांना ठाऊक नसते. १९२३ च्या कायद्यातील कलम १२ यासाठीच होते : मूळ काम देणाऱ्याने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करावी. नैमित्तिक मजुरांना वगळणारे शब्दही २००० च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने १९२३ च्या कायद्याची जागा घेतली असून घर ते काम हा प्रवास आता तिच्या तरतुदींतच आला आहे. त्यापूर्वीच्या अपघातांचे दावे मात्र जुन्या कायद्यावर आणि या निकालांवरच चालतील.