पॅनलवर फुल, घरात अंधार

गेल्या महिन्यात इन्व्हर्टरच्या पॅनलवर पाचही हिरवे दिवे होते. वीज गेली आणि वीस मिनिटांत पंखेही थांबले. ‘दाखवत तर फुल होतं!’ हे वाक्य लोकांकडून ऐकून मी मनात हसायचो, त्या दिवशी स्वतःच म्हणालो.

पॅनल व्होल्टेज बघतो. शिवाय वीज चालू असताना दिसतं ते बरंचसं चार्जरचं व्होल्टेज. बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल. काही तास निवांत ठेवली तर भरलेली सुमारे 12.7 दाखवते, अर्धी रिकामी 12.2. म्हणजे निम्म्या बॅटरीचा फरक अर्ध्या व्होल्टचा! त्यात बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोध (प्रवाहाला आतून होणारा अडथळा) 10 मिलिओहम धरला, तर 30 ॲम्पिअर ओढताच 0.3 व्होल्ट तिथेच गळतात. आता काय ओळखणार?

म्हणून बॅटरी मॉनिटर, म्हणजे बॅटरीत किती उरलं ते मोजणारं वेगळं उपकरण, किराणा दुकानदारासारखी वही ठेवतो. बॅटरीच्या ऋण टोकाला शंट नावाची धातूची जाड पट्टी जोडतात. नेहमीच्या शंटवर 500 ॲम्पिअरला 50 मिलिव्होल्ट पडतात. आपल्या 30 ॲम्पिअरला फक्त 3. एवढ्याशा व्होल्टेजवरून प्रवाह कळतो, त्याला वेळेने गुणत गेलं की ॲम्पिअर-तास. आले जमा, गेले खर्च. एखादी वायर शंट चुकवून थेट बॅटरीला लावली, तर तो खर्च वहीत येतच नाही. आणि मोजणीत सतत 20 मिलिॲम्पिअरची चूक असेल तर महिन्यात सुमारे 14 ॲम्पिअर-तासांचा घोळ! म्हणून बॅटरी पूर्ण भरली की मॉनिटर हिशेब पुन्हा शंभर टक्क्यांवर आणतो.

डब्यावरचे 150 ॲम्पिअर-तासही सहसा 20 तासांच्या दराने, म्हणजे 7.5 ॲम्पिअरने मोजलेले असतात. 30 ने ओढा, पाच तास मिळत नाहीत. प्लेटच्या छिद्रांतलं आम्ल संपतं, बाहेरचं तितक्या वेगाने आत शिरत नाही. जर्मन शास्त्रज्ञ प्यूकर्टने 1897 मध्ये मांडलेल्या सूत्रात घातांक 1.2 धरला तर उत्तर 3.8 तास येतं. (घातांक नको असेल तर एवढंच लक्षात ठेवा: घाईने काढाल तर कमी मिळेल.)

मेलेली बॅटरी जिवंत करणारी पावडर विकणाऱ्यांकडे हे आकडे मागून पाहा. दसऱ्याला इन्व्हर्टरला झेंडू वाहायला हरकत नाही, पाणी मात्र डिस्टिल्डच घाला.

माझ्या बॅटरीचा उलगडा शेवटी काचेच्या हायड्रोमीटरने केला; बॅटरीतलं द्रावण पाण्याच्या किती पट जड आहे ते ही नळी दाखवते. डिस्चार्ज होताना आम्ल खर्ची पडून पाणी तयार होतं, म्हणून द्रावण हलकं होतं. दिवसभर चार्ज केल्यावर पाच सेल 1.240 वर होते, चौथा 1.140 वर. सहाही एकामागे एक जोडलेले. चौथा बसला की व्होल्टेज कोसळतं आणि इन्व्हर्टर सगळ्यांनाच रिकामं समजून बंद होतो.