पार्श्वभूमी : एक काल्पनिक खून आणि सहा महिन्यांची खरी अट

१९५३ सालचं लंडन. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या 'द माउसट्रॅप' या रहस्यनाट्याच्या शंभराव्या प्रयोगाची पार्टी, त्याच नाटकावर चित्रपट करायला आलेला अमेरिकी दिग्दर्शक आणि त्याच रात्री रंगमंचावर सापडलेलं त्याचं प्रेत. २०२२ साली आलेल्या 'सी हाऊ दे रन' या विनोदी रहस्यपटाची ही सुरुवात. खून काल्पनिक आहे. त्याच्याभोवतीचं बरंच काही मात्र खरं आहे: नाटक, नाट्यगृह, चित्रपट करू पाहणारा निर्माता, प्रमुख भूमिकांमधलं नवरा-बायकोचं जोडपं, आणि जिच्यावरून कथेत वाद पेटतो ती करारातली अटसुद्धा.

नाटकाचं मूळ एका करुण घटनेत आहे. जानेवारी १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या एका शेतघरात १२ वर्षांचा मुलगा मारहाण आणि उपासमारीने मरण पावला. स्थानिक प्रशासनानेच त्याला त्या शेतकरी जोडप्याकडे सांभाळायला दिलं होतं. दोघांनाही शिक्षा झाली, सरकारी चौकशी झाली आणि १९४८ च्या बालकविषयक कायद्यामागे या प्रकरणाचा धक्का होता. राणी मेरीच्या ८०व्या वाढदिवसानिमित्त बीबीसीने मे १९४७ मध्ये ॲगाथा ख्रिस्ती यांची अर्ध्या तासाची श्रुतिका प्रसारित केली, 'थ्री ब्लाइंड माइस'. तिच्या मुळाशी हीच घटना होती. श्रुतिकेची कथा झाली, कथेचं नाटक झालं. त्या नावाचं नाटक आधीच येऊन गेलं होतं, म्हणून लेखिकेच्या जावयाने 'हॅम्लेट'मधलं 'माउसट्रॅप' सुचवलं. 'थ्री ब्लाइंड माइस' हे मूळचं एक इंग्रजी बालगीत; २०२२ च्या चित्रपटाने आपलं नाव उचललं ते त्याच्या पुढच्या ओळीतून.

नाटकाचा पहिला प्रयोग ६ ऑक्टोबर १९५२ ला नॉटिंगहॅममध्ये झाला आणि २५ नोव्हेंबरला ते लंडनच्या ॲम्बॅसेडर्स नाट्यगृहात लागलं. नाट्यगृह लहान, खुर्च्या साडेचारशेच्या आसपास. नाटकाच्या दीर्घायुष्याची चर्चा करताना याकडे फारसं कुणी पाहत नाही. एकच नेपथ्य, आठ पात्रं आणि लहान सभागृह असं गणित असलं की पडत्या आठवड्यातही खर्च निघतो. मोठ्या नाट्यगृहात हेच नाटक दोन-तीन वर्षांत उतरलं असतं, असं मला वाटतं.

चित्रपटातलं १९५३ साल झगमगीत दिसतं. प्रत्यक्षात युद्ध संपून आठ वर्षं होत आली तरी रेशनिंग सुटलेलं नव्हतं. गोळ्या-चॉकलेटं फेब्रुवारीत मुक्त झाली, साखर सप्टेंबरमध्ये आणि मांसासाठी १९५४ च्या जुलैपर्यंत थांबावं लागलं. जूनमध्ये नव्या राणीचा राज्याभिषेक व्हायचा होता. मार्चच्या अखेरीस लंडनच्या रिलिंग्टन प्लेस या गल्लीतल्या एका घरात एकामागून एक मृतदेह सापडले आणि सगळं शहर हादरलं. त्याच घरातल्या एका भाडेकरूला पत्नी आणि मुलीच्या मृत्यूनंतर, मुलीच्या खुनासाठी १९५० मध्येच फाशी झाली होती, त्यामुळे निर्दोष माणसाला फाशी दिली की काय अशी शंका उभी राहिली आणि हे प्रकरण पोलीस आणि न्यायालय दोघांनाही चटका लावणारं ठरलं. चित्रपटात पोलिसांचं मनुष्यबळ याच प्रकरणात अडकलेलं आहे आणि म्हणून नाट्यगृहातल्या खुनावर एक थकलेला इन्स्पेक्टर आणि एक नवखी, उत्साही महिला कॉन्स्टेबल एवढेच येतात. कथेची ही सोय आहे. आठवड्याला आठ प्रयोग धरले तर शंभरावा प्रयोग फेब्रुवारीत पडतो, म्हणजे ते मृतदेह सापडण्याच्या आधी. दोन्ही गोष्टी जवळ आणल्याने चित्रपटाचं काही बिघडलेलं नाही, पण कालक्रम लक्षात असलेला बरा.

आता ती अट. नाटकाचे चित्रपट-हक्क देताना करारात असं ठरलं की वेस्ट एंडमधले, म्हणजे लंडनच्या मुख्य नाट्यगृहांच्या भागातले प्रयोग बंद होऊन किमान सहा महिने झाल्याशिवाय चित्रपट करता येणार नाही. आज हे वाचताना एखादी चलाख चाल वाटते आणि चित्रपटातही निर्मात्यांच्या हावरेपणाच्या अंगानेच ती येते. त्या काळातून पाहिलं तर ही अगदी रास्त अट होती. रहस्यनाट्याची सगळी पुंजी शेवटच्या दहा मिनिटांत असते. खुनी कोण, हे गावोगावच्या पडद्यावर एकदा दिसलं की लंडनच्या तिकीटबारीवर कोण उभं राहणार? शिवाय हक्क घेणाऱ्यालाही त्यात तोटा दिसत नव्हता. खुद्द लेखिकेचा अंदाज होता की नाटक आठ महिने चालेल; नाटकाचा निर्माता चौदा म्हणाला होता. एवढी वाट कुणीही पाहिली असती.

ख्रिस्ती यांच्याच दुसऱ्या नाटकाशी ताडून पाहिलं की अटीचा अर्थ स्पष्ट होतो. 'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन' ऑक्टोबर १९५३ मध्ये लंडनला लागलं, गाजलं, रीतसर उतरलं आणि १९५७ मध्ये त्याचा उत्तम चित्रपट आला. नाटकाने आपलं आयुष्य जगून घ्यावं, मग पडद्याने ते घ्यावं, ही तेव्हाची रीत होती. 'माउसट्रॅप'च्या बाबतीत रीत मोडली नाही, नाटक थांबलं नाही एवढंच. एप्रिल १९५८ मध्ये ते ब्रिटिश रंगभूमीवरचं सर्वांत दीर्घकाळ चाललेलं नाटक झालं आणि त्यानंतर हा विक्रम म्हणजेच नाटकाची जाहिरात झाली. विक्रम आहे म्हणून लोक येतात, लोक येतात म्हणून विक्रम वाढतो. अशा स्थितीत चित्रपटासाठी नाटक बंद करण्याचा निर्णय कुणी घेणं शक्यच नव्हतं. यात निर्मात्याचा हट्ट शोधणारे चुकतात. अटीने रंगभूमीचं एक नाटक रंगभूमीवरच टिकवलं, हे तिचं मोठं काम आहे.

लेखिकेने अशीच एक इच्छा मूळ कथेबाबतही ठेवली होती. अमेरिकेत ती १९५० मध्ये संग्रहात आली. ब्रिटनमध्ये नाटक वेस्ट एंडला चालू असेपर्यंत ती छापायची नाही असं ठरलं. नाटकाची संहिता मात्र छापील मिळते, त्यामुळे रहस्य कुलूपबंद कधीच नव्हतं. प्रयोगानंतर प्रेक्षकांना शेवट न सांगण्याची विनंती केली जाते आणि बहुतेक लोक ती पाळतात. २०१० मध्ये एका ऑनलाइन ज्ञानकोशात शेवट उघड लिहिलेला पाहून लेखिकेच्या कुटुंबाने नाराजी व्यक्त केली, ती याच संकेताला धरून. अट फक्त अधिकृत चित्रपटाला अडवू शकली. १९६० मध्ये बंगालीत 'चुपि चुपि आशे' आला, तो परवानगीशिवाय याच कथेवर बेतलेला होता. १९९० मध्ये रशियन भाषेतही एक चित्रपट निघाला.

अटीतला खरा गुंता 'प्रयोग बंद होणे' म्हणजे काय, हा आहे. १९७४ मध्ये नाटक शेजारच्या सेंट मार्टिन्स नाट्यगृहात गेलं. शनिवारी एकीकडे पडदा पडला, सोमवारी दुसरीकडे उघडला. एकही प्रयोग चुकला नाही, म्हणून हा एकच सलग प्रवास धरला गेला. १६ मार्च २०२० ला मात्र महामारीमुळे नाट्यगृह बंद झालं आणि १७ मे २०२१ लाच पुन्हा उघडलं. मधे चौदा महिने गेले. सहा महिने उलटले, मग अट संपली का? तसं कुणी मानलं नाही. सरकारी आदेशाने थांबलेलं नाटक हे उतरवलेलं नाटक नव्हे, असाच अर्थ सर्वांनी घेतला आणि मला तो योग्य वाटतो. नाटक बंद होतं ते निर्माता ठरवतो तेव्हा. विक्रमामागचा 'अखंड' हा शब्द मात्र आता सोडायला हवा. तेव्हापासून प्रयोग चालूच आहेत आणि मार्च २०२५ मध्ये ३०,०००वा प्रयोग झाला. 'सी हाऊ दे रन'चं चित्रीकरणही त्या बंद काळातलंच. रिकामी पडलेली नाट्यगृहं त्यामुळेच चित्रीकरणासाठी मिळू शकली.

चित्रपटाने आणखी एक ऋण मान्य केलं आहे. इन्स्पेक्टरचं आडनाव स्टॉपर्ड आहे. त्या आडनावाच्या नाटककाराने १९६८ मध्ये 'द रिअल इन्स्पेक्टर हाउंड' ही एकांकिका आणली होती, 'माउसट्रॅप'सारख्या नाटकांचं मर्मभेदी विडंबन. धुक्यात आणि दलदलीत एकाकी पडलेलं घर, नको तितके संशयित आणि नाटकाच्या आतच ओढले जाणारे समीक्षक. रहस्यनाट्याच्या चौकटीवर प्रेम करत तिला हसण्याची वाट तिथे चांगलीच रुळली होती.

राहिलं ते नवरा-बायकोचं जोडपं. नाटकातल्या सार्जंट ट्रॉटरची भूमिका पहिल्या संचात रिचर्ड ॲटनबरो करत होते आणि मॉलीची भूमिका त्यांची पत्नी शीला सिम. पगाराचा काही भाग सोडून दोघांनी नाटकाच्या नफ्यात १० टक्के वाटा घेतला होता. त्यांच्या आयुष्यातला व्यवहाराचा सर्वांत शहाणा निर्णय तो हाच, असं ॲटनबरो नंतर मानत. यातला काही हिस्सा त्यांनी एका उपाहारगृहासाठी विकला आणि उरलेला स्वतः दिग्दर्शित केलेला 'गांधी' हा चित्रपट तगवण्यासाठी. ज्या 'गांधी'त (१९८२) रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या आणि श्रीराम लागू गोखले झाले, त्याला अडचणीच्या काळात सावरणाऱ्या पैशांत 'माउसट्रॅप'च्या तिकीटबारीवरचाही पैसा होता.