समुपदेशक आपल्याच भागातला का हवा?

व्हिडिओ कॉलवर घरबसल्या समुपदेशन मिळतं, मग आपल्या भागात कशाला शोधायचं, असं बरेच जण विचारतात. नैराश्यावर किंवा घरातल्या ताणावर फोनवरूनही चांगलं काम होतं. घबराटीच्या झटक्यांवरही (पॅनिक अटॅकवरही) ते होतं, पण तिथे आपल्या भागातल्या समुपदेशकाचा खास उपयोग असतो, कारण मेंदू भीती खऱ्या अर्थाने विसरतच नाही.

गर्दीच्या लोकलमध्ये छाती धडधडते, श्वास भराभर होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात. माणूस दादरला उतरतो आणि हायसं वाटतं. झटका काही मिनिटांत शिगेला पोचून आपणहून ओसरतोच, पण मेंदू श्रेय देतो उतरण्याला. अंगारा लावला असेल तर ते अंगाऱ्याला जातं, आणि माणूस महिनोन्‌महिने उपचारापासून लांब राहतो.

उपचारात टप्पे ठरतात: आधी 20 मिनिटं फलाटावर, मग दुपारच्या रिकाम्या गाडीत एक स्टेशन, शेवटी सकाळची गर्दी. भीती चढते, उतरते, आणि ‘काही झालं नाही’ अशी नवी आठवण तयार होते. जुनी पुसली जात नाही. दोन्हींपैकी कोणती वर येणार, हे बऱ्याच अंशी जागा ठरवते. मार्क बाउटन आणि रॉबर्ट बोल्स यांनी 1979मध्ये उंदरांवर हेच दाखवलं: एका पेटीत बसलेली भीती दुसऱ्या पेटीत घालवली, तरी पहिल्या पेटीत सोडताच ती परत आली.

म्हणूनच समुपदेशकाच्या खोलीत गेलेली भीती लोकलमध्ये परत भेटू शकते. पहिल्या एक-दोन फेऱ्यांना सोबत येणारा समुपदेशक इथे लाखमोलाचा. हातातली पाण्याची बाटलीसुद्धा तो हळूहळू सोडायला लावतो, नाहीतर सगळं श्रेय बाटलीलाच.

आधी फॅमिली डॉक्टरांकडून ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. मग 14416 या ‘टेली-मानस’च्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर मराठीत बोला, किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक असतो. तो बिनदिक्कत मागा. इतर समुपदेशकांना पदवी आणि कोणाच्या देखरेखीखाली काम शिकलात, हे विचारा. गोळ्या फक्त डॉक्टर देऊ शकतात, आणि चालू असलेल्या परस्पर बंद करायच्या नाहीत.

पहिल्याच भेटीत विचारा, ‘पुढच्या भेटीपर्यंत मी नेमकं काय करायचं?’ उत्तरात फलाट, गाडी, वेळ यांतलं काहीच आलं नाही आणि नुसतं ‘सकारात्मक राहा’ एवढंच आलं, तर दुसरा समुपदेशक शोधा.