आरोग्यक्षेत्रातल्या पदवीसाठी अकरावीपासूनची तयारी : विद्यार्थी आणि पालकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक अकरावी विज्ञानला नुकताच प्रवेश घेतलेल्या किंवा आता घेणार असलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. जून-जुलैत घरोघरी चर्चा असते ती नीटच्या गुणांची. पण गुण असूनही जागा जाते, तेव्हा कारण बहुतेक वेळा दोन वर्षं जुनं असतं. विषय चुकीचा घेतलेला असतो, बोर्डाच्या तीन विषयांची बेरीज कमी पडलेली असते, नाहीतर जातपडताळणीचा अर्ज वेळेत गेलेला नसतो. यातलं प्रत्येक काम अकरावीत हाती घेतलं तर सोपं आहे. बारावीच्या निकालानंतर त्यातलं एकही सोपं राहत नाही.

कुठल्या अभ्यासक्रमाला कुठली परीक्षा

एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस आणि बीएचएमएसला नीट लागते. महाराष्ट्रात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि पशुवैद्यकीय पदवीचे प्रवेशही नीटवरच होतात. बी.फार्म.साठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) किंवा पीसीएम (जीवशास्त्राऐवजी गणित) गटातून. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी नर्सिंग सीईटी आहे. डी.फार्म. बारावीच्या गुणांवर मिळतं.

नीट दिली म्हणजे सगळं आलं, असं धरून बसणारी घरं खूप आहेत. नर्सिंग आणि फार्मसीचे अर्ज वेगळे आहेत आणि त्यांची मुदत बारावीच्या परीक्षेच्या आगेमागेच संपते. नीटचा निकाल लागून नर्सिंगचा विचार सुरू होईपर्यंत त्या वर्षाची नर्सिंग सीईटी होऊन गेलेली असते. म्हणून आमचा आग्रह असा की मुलगी एमबीबीएसचं म्हणत असली तरी तिन्ही अर्ज भरून ठेवावेत. अर्जाची फी जाईल, वर्ष जाणार नाही.

विषय निवडताना

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चार विषय हवेतच. अडचण येते ती द्विलक्ष्यी विषयांमुळं. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स द्विलक्ष्यी घेतलं तर तो विषय २०० गुणांचा असतो आणि दोन विषयांची जागा खातो. सोबत गणितही ठेवलं की जीवशास्त्र बाहेर पडतं. वर्गातले मित्र घेतायत म्हणून द्विलक्ष्यी घेणाऱ्यांनी हे आधी मोजून बघावं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ मधल्या सूचनेनुसार जीवशास्त्र मान्यताप्राप्त मंडळातून जादा विषय म्हणून नंतर देता येतं. तो मार्ग उघडा आहे, पण त्यात वेळ जातो.

गणित सोडलं तरी चालतं, पण भौतिकशास्त्रातलं गणित सुटत नाही. सदिश, त्रिकोणमितीची मूल्यं, लॉगॅरिदम आणि साधं अवकलन-संकलन एवढं अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत वेगळं बसून करून घ्यावं. एकट्या लॉगचंच बघा. बारावी बोर्डात लॉगॅरिदमची सारणी वापरता येते, नीटमध्ये सारणीही नाही आणि कॅल्क्युलेटरही नाही. समजा, हायड्रोजन आयनांची संहती २ × १०⁻³ मोल प्रति लिटर दिली आणि पीएच विचारला. ज्याला २ चा लॉग ०.३०१ हे पाठ आहे तो ३ मधून ०.३०१ वजा करून २.६९९ लिहितो आणि अर्ध्या मिनिटात पुढं जातो. दोन वर्षं सारणीवर विसंबलेला मुलगा तिथंच अडकतो. २, ३, ५ आणि ७ या चार आकड्यांचे लॉग पाठ असले की बहुतेक काम भागतं.

१५० ची बेरीज

बोर्डात पास होणं आणि वैद्यकीय प्रवेशाला पात्र होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एमबीबीएससाठी खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० गुण लागतात. राखीव प्रवर्गाला ४० टक्के, म्हणजे १२०. शिवाय तिन्ही विषयांत आणि इंग्रजीत उत्तीर्ण असावं लागतं. भाषांच्या जोरावर एकूण टक्केवारी ६२ दिसते आणि या तीन विषयांची बेरीज १४५ भरते, असं होऊ शकतं. तेव्हा नीटचा गुण कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. बी.एस्सी. नर्सिंग आणि बी.फार्म.ला खुल्या प्रवर्गासाठी ही अट ४५ टक्क्यांची आहे. नर्सिंगच्या अटीत इंग्रजीवरही भर असतो, त्यामुळं इंग्रजीकडं दुर्लक्ष नको.

प्रत्येक विषयात ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. तीन विषयांचे मिळून ९०, म्हणजे १५० च्या निम्म्याहून जास्त. जर्नल वेळेवर तपासून घेणं, सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड ओळखता येणं, अनुमापनात रंग बदलायच्या नेमक्या थेंबाला थांबता येणं ही किरकोळ कामं समजू नयेत. क्लासच्या वेळापत्रकापायी प्रयोगशाळा बुडवू नका.

राज्य मंडळ आणि एनसीईआरटी : क्रम जुळत नाही

कोल्हापूर विभागीय मंडळाखालच्या, म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या, राज्य मंडळाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं हा भाग दोनदा वाचावा. नीटचा पाया एनसीईआरटीची, म्हणजे केंद्रीय संस्थेची, पुस्तकं आहेत, तर बोर्ड आणि एमएचटी-सीईटीचा पाया राज्य मंडळाची पुस्तकं. आशय बराचसा एक आहे, पण प्रकरणांची वर्षं वेगळी आहेत.

श्वसन, रक्ताभिसरण, नियंत्रण व समन्वय ही प्रकरणं राज्य मंडळात बारावीला येतात, एनसीईआरटीत ती अकरावीची आहेत. भौतिकशास्त्रातलं घूर्णन, द्रायूंचे गुणधर्म, दोलनं, उष्मागतिकी हेही राज्य मंडळात बारावीला आणि एनसीईआरटीत अकरावीला. उलट स्थिरविद्युत आणि विद्युतधारा यांची ओळख राज्य मंडळ अकरावीतच करून देतं, एनसीईआरटीत ती बारावीला आहे. रसायनशास्त्रातला आयनिक समतोल आणि उष्मागतिकी मात्र पुन्हा राज्य मंडळात बारावीला आणि एनसीईआरटीत अकरावीला.

याचा परिणाम असा. कॉलेजात एक क्रम आणि क्लासमध्ये दुसरा. मुलगा जुलैत क्लासमध्ये घूर्णन करतो, कॉलेजात त्याच आठवड्यात दुसरंच चाललेलं असतं, आणि दोन्हीकडं अर्धवट राहतं. यावर आमचा साधा उपाय आहे. एका मोठ्या कागदावर दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी लिहा, जुळणारी प्रकरणं रेघेनं जोडा आणि कागद टेबलासमोर लावा. एखादं प्रकरण पहिल्यांदा जिथं येईल, तिथंच दोन्ही पुस्तकांतून एकत्र संपवा. जीवशास्त्रात एनसीईआरटीची ओळ न् ओळ वाचावी, आकृत्यांखालचा मजकूरसुद्धा. प्रश्न तिथूनही येतात.

दुसरा घोळ वगळलेल्या भागाचा. २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातून घन अवस्था, पृष्ठरसायन, पचन व शोषण, वनस्पतींतील वहन अशी प्रकरणं गेली. राज्य मंडळात मात्र घन अवस्था बारावीला आहे आणि मानवी पोषण अकरावीला आहे. नीटमधून गेलं म्हणून ते पान उलटू नका, बोर्डाला लागतं.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांसाठी एक जास्तीचं काम. अकरावीला विकरचं एन्झाइम होतं, संप्रेरकाचं हार्मोन, परासरणाचं ऑस्मोसिस आणि हरितलवकाचं क्लोरोप्लास्ट. विषय येत असतो, पण शब्द ओळखीचा नसतो, आणि मुलाला वाटतं आपल्याला काही कळत नाही. दोनशे पानी वहीत रोज दहा जोड्या लिहिल्या तर दिवाळीपर्यंत ही अडचण संपते. नीटचा पेपर मराठीतही देता येतो. पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न अंतिम धरतात आणि अकरावी-बारावीचं शिकवणं मुख्यतः इंग्रजीत झालेलं असतं. म्हणून भाषा निवडण्याआधी त्या भाषेतल्या निदान पाच जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा.

परीक्षेचं गणित

२०२५ पासून नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं आणि ७२० गुण आहेत. भौतिकचे ४५, रसायनचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४, चुकीच्या उत्तराला उणे १. वेळेची वाटणी आम्ही अशी सुचवतो : जीवशास्त्र ५० मिनिटं, रसायन ५०, भौतिक ६५ आणि उरलेली १५ मिनिटं सोडून दिलेल्या प्रश्नांसाठी. उत्तरपत्रिकेवरची वर्तुळं शेवटी एकदम काळी करायची नाहीत. दर दोन पानांनंतर करावीत. मधला एक प्रश्न सोडलेला असतो, हात पुढं सरकतो आणि त्यानंतरचं प्रत्येक वर्तुळ एका ओळीनं चुकतं. बॉलपेनानं केलेली खूण खोडता येत नाही.

अंदाजानं उत्तर द्यावं का, हे सगळेच विचारतात. चारपैकी एकही पर्याय खोडता आला नाही तर सरासरी पाव गुण मिळतो, एक खोडला तर साधारण ०.६७, दोन खोडले तर दीड. म्हणून दोन खोडता आले तर उत्तर द्याच. एकही खोडता येत नसेल तर त्या पाव गुणापायी धोका घेऊ नका आणि वेळही घालवू नका.

एमएचटी-सीईटीत उणे गुण नाहीत, त्यामुळं तिथं एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. भौतिक-रसायनला ९० मिनिटं आणि जीवशास्त्राला ९० मिनिटं असे दोन कप्पे असतात, एका कप्प्यातली वेळ दुसऱ्यात नेता येत नाही. साधारण २० टक्के भार अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो.

दाखले : सर्वांत जास्त घोटाळे इथंच

आधी नाव बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुधा स्वतःचं नाव पहिलं असतं. क्रमाची भानगड समजावून सांगता येते, पण स्पेलिंगची नाही. एका कागदावर आडनावाच्या शेवटी एक अक्षर जास्त आणि दुसऱ्यावर नाही, तर अर्ज अडतो. दहावीची गुणपत्रिका प्रमाण माना आणि आधार अकरावीतच दुरुस्त करून घ्या. त्यानंतर सगळे दाखले त्याच स्पेलिंगनं काढा.

वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास यांचा एकत्र दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडचा.

जातपडताळणीला सर्वांत जास्त वेळ लागतो. अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडं जावा. वडील, आजोबा, पणजोबा अशी वंशावळ आणि मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचा, पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी तो दिनांक १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. आजोबांच्या शाळेचा रजिस्टर उतारा किंवा गाव नमुना १४ (गावची जन्म-मृत्यूची नोंदवही) मधली नोंद बहुधा उपयोगी पडते. काका, आत्या किंवा चुलतभावाची पडताळणी आधी झाली असेल तर ते प्रमाणपत्र नक्की जोडा, काम हलकं होतं.

नॉन-क्रिमिलेअरचा दाखला प्रवेशाच्या पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेला लागतो. ८५ टक्के राज्य कोट्यासाठी राज्याचा नमुना आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राचा नमुना. दोन्ही वेगळे आहेत आणि दोन्ही काढावे लागतात. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा प्रवर्ग राज्यापुरता आहे, केंद्राच्या यादीत नाही. त्या मुलांनी अखिल भारतीय कोट्यासाठी आपण ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) अटीत बसतो का, ते आधीच तपासावं.

निपाणी, बेळगाव भागातून कोल्हापूरला शिकायला येणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. दहावी कर्नाटकात झाली असेल तर फक्त बारावी इथं करून भागत नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी प्रवेश नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे अकरावीत येण्याआधी बघा.

पसंतीक्रम आणि फी

पसंतीक्रम भरताना गेल्या वर्षीचा कटऑफ बघून यादी उलटीपालटी करू नका. जे सर्वांत हवं ते पहिलं, असाच क्रम लावा. वरच्या जागा मागितल्या म्हणून खालची जागा जात नाही. पण खालची वर लिहिली तर तीच गळ्यात पडते. कोल्हापूरचं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय घराजवळ आहे म्हणून पहिलं लिहायचं की मुंबई-पुण्याचं, हे घरात आधी ठरवा. फॉर्म उघडल्यावर रात्री अकराला वाद घालत बसू नका.

आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर दरवर्षी नव्यानं भरावा लागतो.

परदेशी एमबीबीएसचा विचार असेल तर तिथंही नीट पात्रता लागते. शिवाय किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. भारतातली परवान्याची परीक्षा त्यानंतर येते.

आणि गल्लोगल्ली फलक लागलेल्या पॅरामेडिकल पदविकांबद्दल. पैसे भरण्याआधी संलग्नतेचं पत्र मागा. पदवी असेल तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा मान्यताप्राप्त अभिमत विद्यापीठ, फार्मसीला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया, नर्सिंगला नर्सिंग परिषद. चालू वर्षाची मान्यता त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. पत्र दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

पहिल्या भेटीला येताना

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आईवडिलांचे जात व उत्पन्नाचे जे असतील ते कागद आणि अकरावीच्या विषयांची पावती घेऊन या. मूळ प्रती आणू नका, झेरॉक्स पुरेत. पहिल्या बैठकीत आम्ही नावांची तपासणी करतो, कुठला दाखला कधी काढायचा याचं महिनावार पत्रक देतो आणि दोन्ही पुस्तकांचा जोड-तक्ता मुलाकडूनच तयार करून घेतो. जागा मिळवून देण्याचं आश्वासन आम्ही देत नाही आणि कुठल्याही कॉलेजकडून पैसे घेत नाही. विद्यार्थी सोबत हवाच. फक्त पालक आले तर पुढची तारीख देतो.