घरातला छोटा रीफ टँक

रीफ टँक म्हणजे घरात ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी, पण नुसते मासे फिरताहेत अशी नाही. दगड, दगडाच्या छिद्रांत राहणारे जिवाणू, गोगलगायी, शंखातले खेकडे, शेवाळ, प्रवाळ आणि सगळ्यात शेवटी दोन-तीन मासे असा संसार एका काचेच्या पेटीत चालवायचा असतो. साधारण १०० लिटरच्या आतल्या टाकीला नॅनो रीफ म्हणतात किंवा नुसतंच नॅनो. पहिल्यांदा करणारा माणूस हमखास नॅनोच घेतो कारण लहान म्हणजे सोपं असं वाटतं, गोड्या पाण्यातले गप्पी-मॉली मासे पाळून आलेल्याला तर वाटतंच. इथे नेमकं उलटं आहे, पाणी कमी असलं की केलेली चूक पातळ होत नाही.

हिशोब करून बघा. २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी म्हणजे ७० लिटर, दगड-वाळू घातल्यावर खरं पाणी उरतं ६० लिटर. वरून उघडी असेल आणि पंखा लावला असेल तर रोज लिटरभर सहज आटतं, पण आटतं ते फक्त पाणी, मीठ जागच्या जागी राहतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, ते एका दिवसात ३५.६ होतात आणि पाच दिवस कोणी बघितलं नाही तर ३८ च्या वर. मी पहिल्या वर्षी गणपतीला गावी गेलो, शेजारच्या काकूंना फक्त खाणं टाकायला सांगितलं होतं आणि त्यांनी ते अगदी वेळेवर टाकलं, पाण्याचं मी बोललोच नव्हतो. परत आलो तेव्हा सगळं जिवंत होतं. मग मी घाबरून पाच लिटर गोडं पाणी एकदम ओतलं आणि त्याने रात्रीत दोन्ही क्लीनर श्रिंप (टाकीतल्या छोट्या कोळंब्या) गेल्या. क्षारता हळूहळू चढली ती त्यांनी सोसली, धाडकन उतरली ती नाही सोसली. कोळंबी-खेकड्यांना हा झटका माशांपेक्षा फार जास्त बसतो.

हा नाद तसा जुना आहे. लंडनमध्ये ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ आणून घरात जगवले, तेव्हा पंप नव्हते, म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसायची, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. (आजचा वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, करतो ते काम त्या बाई हाताने करत होत्या.) ॲक्वेरियम हा शब्द रूढ झाला तो फिलिप हेन्री गॉस यांच्यामुळे, १८५४ च्या सुमारास. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातले जिवंत दगड (लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि छोटे जीव वसलेले दगड) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते हे लिहून दाखवलं आणि पुढे बर्लिनच्या शौकिनांनी त्याला प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि झगझगीत दिवे जोडले. आपल्याकडे बहुतेकांनी खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे पहिल्यांदा बघितले ते मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात, जे १९५१ मध्ये सुरू झालं.

आता कायदा, कारण परदेशातले व्हिडिओ बघून भारतात टाकी लावणाऱ्यांची पहिली ठेच इथेच लागते. २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर वाघाच्या रांगेत. समुद्री घोडे आणि समुद्री काकडीलाही याच कायद्याचं संरक्षण आहे. मालवणला किंवा अंदमानला किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडा उचलून टाकीत शोभेला ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे आणि दुकानात कोणी पांढरं झुडूप 'नुसतं डेकोरेशन' म्हणून विकत असेल तर ते घेणंही. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा, त्यामुळे तोही नको. सिरॅमिकचे किंवा सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा घालून बनवलेले सच्छिद्र दगड मिळतात ते घ्यायचे. परदेशातून आलेल्या प्राण्यांची कागदपत्रं दुकानदाराकडे मागायची, २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. कागद नाहीत म्हणाला तर सरळ पुढचं दुकान. एवढं सगळं पाळून आपल्या पहिल्या टाकीत उरतं काय, तर दगड, मासे, गोगलगायी, कोळंब्या आणि कागदासकट मिळाले तर मऊ प्रकारचे प्रवाळ. माझ्या मते पहिलं वर्ष त्यांच्याशिवाय गेलं तरी काही बिघडत नाही.

दुसरा प्रश्न सगळे विचारतात, मुंबईत राहतो, समुद्र दहा मिनिटांवर आहे, तिथलंच पाणी आणलं तर? नको. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांनी ते पाणी अर्धं गोडं झालेलं असतं. आणि स्वयंपाकघरातलं मीठही नको, खडेमीठ तर नकोच, कारण ते जवळपास सगळं सोडियम क्लोराइड, त्यात प्रवाळाला आणि शिंपल्याला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट योग्य प्रमाणात नसतं. मरीन सॉल्ट म्हणून पिशवी मिळते ती घ्यायची, ६० लिटरला सव्वादोन किलोच्या आसपास लागतं. ते मिसळायचं आरओ-डीआय पाण्यात (आधी आरओ, मग डीआय रेझिन अशा दोन गाळण्यांतून काढलेल्या) ज्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य आहे. घरातल्या वॉटर प्युरिफायरचं पाणी चालेल का, तर सहसा नाही, पिण्याच्या मशीनमध्ये चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज बसवलेलं असतं, मीटर बुडवला की ५०-६० दाखवतो. त्याच्या पुढे डीआय रेझिनची नळी जोडून काम भागतं. मीठ वेगळ्या बादलीत पंप लावून रात्रभर फिरवायचं, टाकीत प्राणी असताना सरळ वरून मीठ कधीच टाकायचं नाही. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, काचेवर एक थेंब, झाकण लावून उजेडाकडे धरायचं आणि निळ्या-पांढऱ्याची सीमा ३५ वर आली की झालं.

मग टाकी मुरू द्यायची. हे दह्यासारखं आहे, दूध तापवून ठेवलं म्हणून दही होत नाही, विरजण लागतं आणि वेळ लागतो. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो जो माशालाच मारतो, जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो जे बरंच कमी विषारी आहे, आणि हे जिवाणू दगडाच्या पृष्ठभागावर वस्ती करतात, पाण्यात फार कमी. सुरुवातीला त्यांना खायला कोळणीकडची एक कच्ची कोळंबी टाकून ठेवली तरी पुरतं. घरात आठवडाभर थोडा वास येतो, आधी सांगून ठेवा. विरजण म्हणजे बाटलीतले जिवाणू किंवा ओळखीच्याच्या जुन्या निरोगी टाकीतला एक दगड. टेस्ट किटवर अमोनिया चढतो, उतरतो, मग नायट्राइट चढतं, उतरतं, दोन्ही शून्यावर येऊन टिकायला चार ते सहा आठवडे जातात. त्यानंतरही वाळूवर तपकिरी थर येतो, मग हिरवे केस, कधी लालसर बुरशीसारखी साय. तपकिरी म्हणजे डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळाचे प्रकार, आपणहून जातात. इथे बहुतेक लोक घाबरून औषधं ओततात, नका ओतू, आणि तांबं असलेलं माशांचं औषध तर या टाकीत कधीच नको, गोगलगायी-कोळंब्या सगळ्या संपतात.

सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे उष्णता. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं असतं आणि मे महिन्यात पुण्यात बंद फ्लॅटमध्ये खोलीच ३४ वर गेलेली असते. पाणी ३० च्या वर बरेच दिवस राहिलं की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतो, आणि त्याचं बरंचसं अन्न तर तेच शेवाळ बनवत असतं, म्हणून तो पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. समुद्रात ब्लीचिंग म्हणतात ते हेच. पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही त्याच कारणाने हा पंखाही दमट हवेत ढेपाळतो. मग चिलर, जो टाकीपेक्षा महाग पडतो, आवाज करतो आणि पाण्यातली उष्णता काढून तुमच्या खोलीत सोडतो. हे बजेट आधी धरा, टाकीचं नंतर.

बाकी सामान झटपट सांगता येतं. वेव्हमेकर टाकीच्या निदान वीसपट पाणी तासाला हलवणारा, म्हणजे इथे १२०० लिटरच्या वर. निळसर एलईडी दिवा आठ-नऊ तास टायमरवर. दर आठवड्याला सहा लिटर पाणी बदललं तर एवढ्या टाकीला स्किमर नसला तरी चालतं. वजन पाणी, दगड, काच मिळून ९० किलोच्या घरात जातं, टीव्हीच्या शोकेसवर ठेवू नका. वायर प्लगपर्यंत सरळ न नेता खाली लोंबता झोळ देऊन वर घ्यायची, नाहीतर वायरवरून ओघळणारं खारं पाणी सॉकेटमध्ये जातं. लाइट गेल्यावर बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच, चिलर बंद पडला तर काही तास निघतात, पण पाणी हललं नाही तर ऑक्सिजन लवकर संपतो.

मासे म्हणाल तर क्लाउनफिशची जोडी, आणि ती हॅचरीत वाढवलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनची हॅचरी आहे, त्यामुळे जंगली मासा पकडलेला घ्यायची गरजच नाही. दोन लहान घ्या, एक जरा मोठा एक छोटा. सगळे जन्मतात नर, मोठा असतो तो पुढे मादी होतो, त्यामुळे जोडी लावायचं काम तेच करतात. सोबत एखादा गोबी नावाचा छोटा मासा, बस्स. निळा टँग पिल्लू असताना गोंडस दिसतो पण तो फूटभर होतो. ॲनिमोन, म्हणजे क्लाउनफिश ज्याच्यात राहतो तो फुलासारखा दिसणारा प्राणी, एक वर्ष तरी नाही. झोअँथिड (दगडावर पसरणारे प्रवाळाचे नातेवाईक) हाताळताना हातमोजे घाला आणि ते चिकटलेला दगड स्वच्छ करायला उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका, त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं आणि त्याची वाफ श्वासात गेल्याने माणसं हॉस्पिटलात पोचलेली आहेत.

आटलेल्या पाण्यासाठी ऑटो टॉप-ऑफ नावाचं छोटं सेन्सरवालं यंत्र मिळतं, ते नसेल तर काचेवर मार्करने रेघ मारायची आणि रोज संध्याकाळी रेघेपर्यंत गोडं आरओ पाणी भरायचं, खारं नाही. आता गावी जाताना मी काकूंकडे खाण्याचा डबा देतच नाही, मोठे मासे पाच दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. लिटर-लिटरच्या पाच बाटल्या भरून टाकीशेजारी ठेवतो, प्रत्येकीवर वार लिहून.