स्टार कार : मध्याश्मयुगीन वस्तीचे पुरापर्यावरण

स्टार कार हे इंग्लंडमधील नॉर्थ यॉर्कशर परगण्यातले, स्कारबरो शहराच्या दक्षिणेकडील मध्याश्मयुगीन स्थळ. इ.स.पू. सुमारे 9300 ते 8500 या काळात शिकार आणि अन्नसंकलन करणारे लोक येथील तळ्याकाठी वस्ती करून होते. फ्लिक्स्टन या नावाने आज ओळखले जाणारे ते तळे पुढे गाळाने आणि पीटने, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाणवनस्पतींच्या थरांनी भरून गेले. पाण्याखाली हवा न पोचल्यामुळे त्या थरांत लाकूड, हाडे, शिंगे इतकेच काय, झाडांच्या कळ्यांची आवरणेही टिकली. केंब्रिजच्या ग्रॅहम क्लार्क यांनी 1949 ते 1951 दरम्यान येथे उत्खनन केले आणि अवजारांच्या जोडीने भोवतालच्या निसर्गाचाही अभ्यास वनस्पतितज्ज्ञांकडून करून घेतला. त्या काळी ही रीत रूढ नव्हती.

गाळातल्या परागकणांवरून आरंभी येथे भूर्जाचे विरळ रान होते, पाणथळ कडेला विलो वाढत आणि हेझल बऱ्याच उशिरा पसरले, असे दिसते. मात्र पराग वाऱ्याबरोबर लांबूनही येतात. ऐन काठावर काय उगवत होते, याची खात्री बिया, पाने आणि देठांचे तुकडे यांवरूनच होते.

कोळशाच्या सूक्ष्म कणांनी आणखी एक गोष्ट उघड केली. काठावरचे बोरूचे दाट बेट वारंवार पेटत होते आणि करपलेल्या कळ्यांच्या आवरणांवरून ही आग वसंताच्या सुमारास लागत असावी, असे अनुमान निघते. लोकांनी ती मुद्दाम लावली असे बहुतेक अभ्यासक मानतात. पाण्याकडे वाट मोकळी करणे किंवा कोवळ्या फुटव्यावर हरणे आणणे हा हेतू असू शकेल. तसे असेल, तर येथे ‘नैसर्गिक’ परिसर आणि माणसाने घडवलेला परिसर वेगळे काढता येत नाहीत.

वस्तीचा ऋतू हा जुना वादविषय. तांबड्या हरणांची शिंगे वसंतात गळून पडतात; ती कवटीला जोडलेली सापडल्याने क्लार्क यांनी हिवाळी मुक्काम ठरवला होता. शिंगे कच्चा माल म्हणून साठवली किंवा दुसरीकडून आणली जाऊ शकतात, हा त्यातला कच्चा दुवा. 1988 मध्ये लेग आणि रॉली-कॉनवी या अभ्यासकांनी हरणांच्या जबड्यांतील दात फुटण्याच्या अवस्था तपासल्या, त्यांवरून हरणांचे मरतेवेळचे वय आणि ऋतू ताडला आणि वसंताची अखेर ते उन्हाळा असा निष्कर्ष काढला. माशांचेही असेच झाले. पहिल्या उत्खननात त्यांचे अवशेष मिळाले नाहीत, म्हणून तळ्यात मासे पोचलेच नसावेत, असा तर्क पुढे आला. नंतर बारीक चाळणीने माती चाळल्यावर पाइक आणि पर्च यांची हाडे हाती लागली. एखादी गोष्ट सापडली नाही, तर आधी चाळणीची जाळी पाहावी हे बरे.

तळ्याच्या गाळात टिकलेली चिलटांच्या डिंभकांची, म्हणजे अळ्यांची डोकी त्या काळचे तापमान सांगतात, कारण प्रत्येक जातीला मानवणारे तापमान वेगळे असते. या पुराव्यावरून तापमान दोनदा अचानक काही अंशांनी उतरल्याचे 2018 मध्ये मांडण्यात आले. तरीही लोक या परिसरातच टिकून राहिले.

शेतीसाठी पाण्याचा निचरा केल्यामुळे अलीकडे पीट कोरडे पडत आहे. हवा लागताच त्यातील गंधकयुक्त खनिजांपासून आम्ल तयार होते आणि हाडांतील खनिजे विरघळतात. पुरातत्त्वज्ञ निकी मिल्नर आणि सहकाऱ्यांना 2004 नंतरच्या खोदकामात काही हाडे जेलीसारखी लिबलिबीत मिळाली. उरलेला पुरावा नष्ट होण्याआधी मिळवण्यासाठीच पुढचे मोठे उत्खनन हाती घेण्यात आले.