तुरुंग दोरेचा, रंग व्हॅन गॉगचे

उंच भिंतींच्या चौकात गोल गोल फिरणारे कैदी, हे व्हॅन गॉगचं चित्र बहुतेकांच्या पाहण्यात असतं. ते कुठेही आलं की खाली हमखास लिहिलेलं असतं, की त्याने स्वतःचा तुरुंगवास रंगवला. हे धादांत चूक आहे आणि तरी वर्षानुवर्षं तसंच पुढे ढकललं जातं.

तो चौक लंडनच्या न्यूगेट तुरुंगातला. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह दोरेने तो रेखाटला आणि 1872 साली त्याचं कोरीव चित्र छापून आलं. व्हॅन गॉगने फेब्रुवारी 1890 मध्ये त्या कृष्णधवल छापावरून आपलं तैलचित्र केलं. एक छाप, दुसरं तैलचित्र, हा फरक कुणालाही दिसतो.

गफलत होते ती कुणाचं काय, यात. कैद्यांचं रिंगण, कोंडणाऱ्या भिंती, उजवीकडे उंच हॅट घालून उभे असलेले दोन गृहस्थ, हे सगळं दोरेचं. त्यामुळे ‘व्हॅन गॉगला वर्तुळात अडकल्यासारखं वाटत होतं’ असं रचनेवरून सांगणं मला अजिबात पटत नाही. व्हॅन गॉगचं स्वतःचं जे काही आहे, ते रंगांत शोधावं. भिंतींचा निळसर-हिरवट गारवा खाली फरशीतही उतरतो, कैद्यांच्या कपड्यांतही. दोरेकडे माणसं तुरुंगात आहेत. इथे तुरुंग माणसांत मुरला आहे. वरची दोन पांढरी फुलपाखरं दाखवून लगेच ‘आशा’ म्हणणाऱ्यांनी आधी ती फरशी पाहावी. आपल्याकडे बघणारा बोडका कैदी म्हणजे खुद्द व्हॅन गॉग, असंही मानतात. तो तर्क आहे, पुरावा नाही.

हे चित्र केलं तेव्हा व्हॅन गॉग होता दक्षिण फ्रान्समधल्या सें-रेमीच्या मनोरुग्णालयात, मे 1889 मध्ये स्वतःच्या राजीने दाखल झालेला. बरं असलं की बाहेर जाऊन ऑलिव्हची झाडं रंगवायचा; आजाराने आत थांबावं लागलं की मिले, दलाक्र्वा या फ्रेंच चित्रकारांच्या कामांचे छाप समोर ठेवून त्यांवर स्वतःचे रंग चढवायचा. न्यूगेटचा छाप त्याच ओळीतला.

गज त्याच्या खिडकीला खरोखर होते. त्या गजांतून दिसणारं, भिंतीने वेढलेलं गव्हाचं शेत त्याने पुन्हा पुन्हा रंगवलं आणि गज मात्र वगळले. त्याच्या स्वतःच्या बंदिवासावर लिहायचं असेल तर या शेतापासून सुरुवात करा, न्यूगेटच्या चौकापासून नव्हे.